कोकणातल्या गाडीचा खालचा पत्रा: काळं मारण्याआधी आणि मारताना

मे महिना लागला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत गॅरेजांत एकच घाई असते: पावसाआधी खालून काळं (गंज रोखणारा डांबरासारखा थर, म्हणजे अंडरकोटिंग) मारून घ्यायचं. गाडी लिफ्टवर चढते, पाण्याचा फवारा बसतो, तासाभरात फवारणीची बंदूक चालू होते आणि संध्याकाळी गाडी खालून नवीकोरी दिसते. दोन पावसाळे गेले की त्याच काळ्या थरावर बोट दाबलं तर आत पोकळ लागतं. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर थर आणि पत्रा दोन्ही एकदम हातात येतात. थर बहुधा चांगल्याच कंपनीचा असतो. घोटाळा आधी झालेला असतो: पत्रा वाळू दिलेला नसतो, जुना गंज काढलेला नसतो, आणि पाणी बाहेर पडायची भोकं त्याच थराने बुजवलेली असतात.

गाडी बहुतेक वेळा आतून बाहेर गंजते. खाली वाकून पाहिल्यावर दिसणारा सपाट पत्रा कारखान्यातच विजेच्या मदतीने प्रायमरमध्ये बुडवलेला असतो, वर बऱ्याच ठिकाणी पीव्हीसीचा थर असतो, आणि पाऊस थांबला की वारा लागून तो काही तासांत सुकतोही. सडतं ते न दिसणारं: दाराखालचा लांबट पोकळ भाग (गॅरेजात कुणी त्याला सिल म्हणतं, कुणी रनिंग बोर्ड), दारांचे तळ, दोन पत्रे जुळतात ते सांधे, मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड, बोल्टांच्या भोवतालची जागा. त्यामुळे पैसे आणि वेळ मोजके असतील तर पहिला हक्क या जागांचा. काळा थर सगळ्यात शेवटी.

मीठ काय करतं

गंजाला लोखंड, हवा आणि पाणी पुरतं. मीठ त्या पाण्यातून वीज सहज वाहू देतं आणि काम कितीतरी पटीने जलद होतं. पण किनाऱ्यावरची खरी अडचण वेगळी आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर साधारण ३३ टक्क्यांपासूनच ओलं व्हायला लागतं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे चार दिवस पाऊस नसला आणि गाडी पडवीत उभी असली, तरी तिच्या खालचं मीठ ओलंच राहतं. 'आमची गाडी पावसात फिरतच नाही' हा भरवसा म्हणूनच फोल आहे. चहूबाजूंनी बंद, ओलसर गॅरेजपेक्षा वारा खेळता असलेली पत्र्याची शेड बरी. जमिनीपर्यंत लोंबणारं प्लास्टिकचं कव्हर तर पावसाळ्यात घालूच नये.

मीठ येतं कुठून? खाऱ्या वाऱ्यातून येतंच. शिवाय दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटीवर चढता-उतरताना भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावरचं पाणी चाकांनी थेट कमानीत उडतं. पुळणीवर गाडी नेणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. ओली वाळू सिलच्या भोकांतून आत जाते आणि वर्षानुवर्षं तिथे मीठ सांभाळून ठेवते. आणखी एक वाट कुणाच्या लक्षात येत नाही. मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं खारट पाणी रस्त्यावर गळत असतं. अशा टेम्पोमागे दहा किलोमीटर गाडी चालवली की समोरच्या जाळीपासून पुढच्या क्रॉस मेंबरपर्यंत (तळातल्या आडव्या तुळईपर्यंत) सगळं त्याने माखतं.

जांभ्याचा लाल चिखल हा दुसरा शत्रू. चिकटलेल्या गोळ्याखाली हवा पोचत नाही, कडेला पोचते. हवेच्या या फरकानेच एक छोटी बॅटरी तयार होते, आणि कमी हवा मिळणारा गोळ्याखालचा पत्रा खाल्ला जातो. चिखल काढल्यावर त्याच आकाराचा खड्डा दिसतो तो यामुळे.

आधी पाहणी

सपाट, कडक जमिनीवर गाडी घ्या. पुढचा भाग उचलणार असाल तर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मागचा उचलणार असाल तर पुढच्या. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडीखाली जायचं ते किमान २ टन क्षमतेच्या दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड), कंपनीने सांगितलेल्या जागी लावल्यावरच. घोडी लावताना सिलची कड चुरचुरली किंवा आत दबली, तर पाहणी तिथेच संपली. ती गाडी आधी पत्र्याच्या कामाला न्यायची.

चांगली टॉर्च, एक छोटं लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर पुरे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल, क्रॉस मेंबर आणि मागच्या कमानीच्या कडेवर हलके ठोके देत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला भद्द. जिथे आधी लांबी (भोक-खड्डे बुजवायची पुट्टी) भरली आहे तिथे चुंबक धरत नाही. ब्रेकच्या लोखंडी नळ्या मागपर्यंत जातात, त्यांच्या प्रत्येक क्लिपपाशी थांबून पाहा. क्लिपमध्ये चिखल अडकतो आणि नळी नेमकी तिथेच खपल्या धरते. नळीवर खपली दिसली, तर ती घासून रंगवायच्या भानगडीत न पडता बदलून घ्यायची.

आत बसूनही पाहायचं. पायदाण्या काढून कार्पेटवर कोरडा कागदी रुमाल ठेवा आणि अर्धा मिनिट टाचेने दाबा. रुमाल ओला झाला तर खालचा जाड नमदा भिजलेला आहे आणि फरशीचा पत्रा वरून गंजतो आहे. खालून कितीही काळं मारा, त्याचा उपयोग शून्य. डाव्या बाजूला ओल असेल तर बहुधा एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. एसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गाडीखाली पाणी ठिबकतं का ते बघा. दोन्ही बाजूंना ओल असेल तर वायपरखालची जाळी उघडा. आंब्याच्या, फणसाच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा चांगला खतखड्डा झालेला असतो.

भोकं मोकळी करणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच. दाराचा तळ घ्या. काचेच्या रबरापाशी पावसाचं पाणी दारात शिरतंच, ते तसं शिरावं असंच दार बनवलेलं असतं. तळाच्या कडेला दोन किंवा तीन चपट्या फटी किंवा भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. दार उघडून खालची कड बोटाने चाचपा. एखाद्या ठिकाणी रबराची पट्टी भोकावर बसलेली असते, कुठे धूळ आणि गंज टाळायला आत फवारलेलं मेण मिळून घट्ट बूच झालेलं असतं. दार जोरात हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर भोकं बंद आहेत हे नक्की.

उघडायला तार वापरू नका. तारेने भोकाच्या कडेचा रंग खरवडला जातो आणि उद्याचा गंज तिथूनच सुरू होतो. खराट्याची हीर उत्तम: कडक असते, वाकते, पण रंगाला ओरखडा काढत नाही. हीर आत-बाहेर करा, मग वरून मगभर गोडं पाणी सोडा. पहिलं पाणी लालसर, गढूळ येईल. नितळ येईपर्यंत सोडत राहा. सिलच्या खालच्या कडेलाही अशीच भोकं असतात, काहींवर रबरी बुचं असतात. बूच दिसलं म्हणजे ते निरुपयोगी आहे असं समजून फेकू नका. ते काढून आत बघायचं, काम झाल्यावर परत बसवायचं. बूच नसलेली भोकं मात्र नेहमी उघडीच ठेवायची. डिकीचा तळ, स्टेपनीची खोलगट जागा आणि मागच्या लांब मेंबरची (तळातल्या उभ्या पोकळ तुळयांची) टोकं यांनाही हाच न्याय.

धुणं

पाणी गोडं हवं. खाडीकाठच्या अनेक विहिरींचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. त्याने गाडी धुणं म्हणजे मीठ चोळणंच. साबणाला फेस येत नसेल तर ते पाणी निदान शेवटच्या धुण्याला वापरू नका.

फेंडर लायनर, म्हणजे कमानीतलं प्लास्टिक, काढल्याशिवाय धुणं पुरं होत नाही. क्लिपा जुन्या असल्या की तुटतात, आठ-दहा जास्तीच्या आणून ठेवा. लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये, विशेषतः पुढच्या चाकाच्या मागे सिल जिथून सुरू होते त्या कोपऱ्यात, मूठमूठ माती निघते. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला ६ ते ७ लिटर पाणी टाकतो. खालच्या बाजूला दहा-बारा मिनिटं, म्हणजे ७०-८० लिटर पाणी सहज लागतं. धार रबरी बुटांपासून (सांध्यांवरच्या रबरी आवरणांपासून), बेअरिंगच्या सीलपासून आणि वायरिंगच्या जोडांपासून हातभर लांब ठेवा. वॉशर नसेल तर बागेतला फिरता फवारा गाडीखाली ठेवून पंधरा मिनिटं नळ सोडा, मध्ये एकदा गाडी पुढे घ्या. फेरीबोटीच्या किंवा किनाऱ्याच्या फेरीनंतर एवढंच, पण त्याच दिवशी केलं, तर वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कामापेक्षा त्याचा फायदा जास्त.

डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची जुनी खोड सोडावी. त्याचा तेलकट पापुद्रा राहतो, वर काही धरत नाही. तीच गोष्ट जळकं ऑइल फवारण्याची. ते स्वस्त असतं आणि वर्षभर पत्रा काळाशार दिसतो हे खरं, पण त्याने रबरी बुश फुगतात आणि ढिले पडतात, ब्रेकच्या शूवर थेंब गेला तर गाडी एका बाजूला ओढते, आणि पहिल्या पावसात उरलेलं सगळं तुमच्याच विहिरीकडे वाहतं.

थर मारायचा असेल तर धुतल्यानंतर किमान २४ तास, सांध्यांचा विचार केला तर ४८ तास, गाडी उन्हा-वाऱ्यात वाळू द्यायची. मधून वीस-तीस किलोमीटर चालवून आणली तर उत्तम, मात्र डांबरी आणि कोरड्या रस्त्यावर. सांध्यांत कॉम्प्रेसरची हवा मारून बघा. पाण्याचा एक थेंब उडाला तरी आणखी एक दिवस थांबा. दमट सकाळी थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं, म्हणून काम सकाळी दहानंतर. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी रंगकामच नको. थोडक्यात, हे काम जूनच्या तोंडावर करायचं नाही. डिसेंबर ते एप्रिल हा खरा काळ, आणि गॅरेजवालाही तेव्हा निवांत असतो.

गंज काढणं

वरवरची लाली, खपली आणि भोक, हे तीन वेगळे आजार आहेत.

लालीला तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. खपली असेल तर आधी पटाशीने किंवा जुन्या पटरीने ती उचकटून काढा, मग ४ इंची ग्राइंडरला तारेचा कप लावा. डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा हवाच, कपाच्या तारा सुटून उडतात. एक फसगत इथे नेहमी होते: तारेचा कप गंज काढण्याऐवजी त्यालाच घोटून चकचकीत करतो. पत्रा गडद तपकिरी चमकायला लागला तर तो लोखंड नाही, घोटलेला गंज आहे. तिथे ८० नंबर पेपर किंवा फ्लॅप डिस्क लावून राखाडी, पांढुरका धातू दिसेपर्यंत घासा, आणि गंजाच्या कडेपलीकडे दोन बोटं चांगला रंगही खरवडा. गंज रंगाखाली दिसतो त्याच्या पुढे सरकलेला असतो.

खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतातच. त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. टॅनिनवाला कन्व्हर्टर गंजाला काळ्या, स्थिर संयुगात बदलतो. फॉस्फोरिक आम्लवाला फॉस्फेटचा थर तयार करतो. हॅचबॅकच्या ठिकठिकाणच्या डागांना २५० मिलि पुष्कळ. उघड्या, स्वच्छ लोखंडावर कन्व्हर्टरचं काही काम नाही, तो गंजावरच लागतो. आणि आम्लवाला वापरला असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाण्याने पुसून, पूर्ण सुकवल्याखेरीज त्यावर पुढचा इपॉक्सी प्रायमर मारू नका. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट पकत नाही आणि महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, दोन पातळ हात. मिसळण्याचं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं, डब्यावरचंच धरा. अंदाजाने हार्डनर जास्त घातला म्हणजे जास्त कडक होतो हा गैरसमज आहे. जास्त झाला तर तडकतो. मे महिन्याच्या उकाड्यात मिश्रण भराभर घट्ट होतं, एका वेळी १००-१५० मिलिच कालवा. कोपऱ्यात बंदुकीपेक्षा छोटा ब्रश बरा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि वाईटही नाही, पण तो एकटा पाणी पितो. नुसतं रेड ऑक्साइड मारून गाडी पावसाळ्यात सोडली तर खालचा पत्रा उघडा ठेवल्यासारखाच.

भोक पडलं असेल तर लांबी भरायची नाही. पॉलिस्टरची लांबी ओलावा शोषते आणि तो पत्र्याला लावून धरते. सडका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून मिग वेल्डिंगने नवा तुकडा बसवायचा. वेल्डिंगआधी बॅटरीचे वायर काढा, आतलं कार्पेट उचला, इंधनाची नळी जवळून जाते का ते पाहा. सिलमध्ये आधी कधी मेण मारलेलं असेल तर वेल्डरला ते आधी सांगा. ते पेट घेतं. आणि वेल्डिंगने आतल्या बाजूचाही रंग जळतो, तो भाग नंतर मेणाशिवाय सोडला तर नवा तुकडा जुन्याआधी गंजतो.

काळा थर: कुठे, किती, कोणता

डांबर-रबराचा थर जाड बसतो, खडी झेलतो, चाकांचा आवाजही थोडा दाबतो. पण वर्षांनी तो कडक होतो, चिरा पडतात, आणि त्या चिरांतून शिरलेलं पाणी थराखाली पसरत जातं. बाहेरून सगळं काळं आणि शाबूत दिसतं, म्हणून कुणी बघतही नाही. मेणाचा किंवा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतली चरबी) थर मऊ राहतो, ओरखडा पडला तर बराचसा परत मिटतो, सांध्यांत झिरपतो. मात्र चाकाच्या पाण्याच्या माऱ्याने कमानीतून धुऊन जातो. म्हणून वाटणी सोपी आहे: कमानी आणि सिलची बाहेरची खालची बाजू, जिथे खडी बसते, तिथे डांबर-रबर, सांधे, मेंबर आणि पोकळ्यांत मेण. कारखान्याचा पीव्हीसी थर जिथे धडधाकट आहे तिथे काहीच नको. नव्या गाडीवर शोरूममध्ये जो काळा थर विकला जातो तो बहुधा नेमका याच धडधाकट जागेवर बसतो.

किती लागेल याचा हिशेब करता येतो. १ लिटर द्रव १ चौरस मीटरवर पसरला तर १ मिमीचा ओला थर होतो. अर्धा भाग द्रावक उडून गेला तर अर्धा मिमी उरतो, आणि तेवढा पुरतो. हॅचबॅकचा संपूर्ण तळ कमानींसह ५ ते ६ चौरस मीटर, म्हणजे ५-६ लिटर. फक्त कमानी आणि सिल करायच्या तर २ लिटर. गॅरेजवाल्याने सगळी गाडी एका लिटरच्या दोन बाटल्यांत उरकली, तर थर किती बसला ते कळलंच.

अंडरकोटिंगच्या बंदुकीला ४ ते ६ बार दाब, अंतर वीत-सव्वा वीत. पहिला हात पातळ, पत्रा जेमतेम झाकेल इतका. पाऊण-एक तासाने दुसरा. एकाच वेळी जाड मारला तर वरची साय सुकते आणि आत द्रावक कोंडून फोड येतात. पाणी जाण्याच्या भोकांत कागदाच्या सुरळ्या खोचून ठेवा आणि थर ओला असतानाच काढा. थर्मोकोलचे तुकडे चालत नाहीत, द्रावकाने विरघळतात. वाफ जड आणि पेट घेणारी असते, तेव्हा गाडीखालच्या खड्ड्यात बसून काम करू नका, सायलेन्सर पूर्ण थंड हवा, आणि बिडी-सिगारेट लांब.

आता थर कुठे लागता कामा नये ते, आणि इथे घाई करणाऱ्यांकडूनच जास्त नुकसान होतं. सायलेन्सरचा सगळा मार्ग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर: जळून धूर आणि वास येतो, आगही लागू शकते. ब्रेकच्या डिस्क, ड्रम, कॅलिपर आणि लवचिक नळ्या. ड्राइव्ह शाफ्ट आणि त्याचे रबरी बूट. प्रोपेलर शाफ्टवर थर बसला तर तोल जाऊन वेगात थरथर येते. शॉक अब्सॉर्बरचा दांडा, सगळे रबरी बुश, एबीएसचे सेन्सर, हँडब्रेकची केबल, इंजिन ऑइलचा बोल्ट, रेडिएटरच्या पापण्या, चेसिस नंबर. सीएनजी गाडीत गॅसच्या नळीचे जोड उघडे ठेवायचे. दर तीन वर्षांच्या टाकीच्या चाचणीच्या वेळी आणि गळती तपासताना ते दिसले पाहिजेत. विजेच्या गाडीत बॅटरीची पेटी, तिची हवा सोडणारी झडप आणि नारिंगी वायर यांच्याजवळ बंदूक नेऊच नये. तिथे लायनरमागची माती काढणं आणि गोड्या पाण्याची हलकी धार एवढंच आपलं काम.

पोकळ्यांत मेण

हे काळ्या थरानंतर. आधी केलं तर सांध्यांतून झिरपलेल्या मेणावर काळा थर धरत नाही. पोकळीचं मेण स्प्रेच्या डब्यात किंवा बंदुकीच्या बाटलीत मिळतं, सोबत टोकाला चारही दिशांनी फवारणारी लांब लवचिक नळी लागते. नळी सिलच्या असलेल्याच भोकातून शेवटपर्यंत आत ढकला, मग फवारत फवारत हळूहळू बाहेर ओढा. दोन फुटांना साधारण तीन सेकंद. एका सिलला ३०० मिलि, प्रत्येक दाराला १००, मागच्या दोन मेंबरना प्रत्येकी १५०, डिकीचं झाकण आणि बॉनेटची घडी मिळून २००. झाले दीड लिटर. भोकांतून मेणाचे थेंब बाहेर यायला लागले की आत पुरेसं बसलं.

नवीन भोकं पाडू नका. कापलेली कड गंजायला सुरुवात तर होतेच, वॉरंटीवर बोट ठेवलं जातं, आणि खांबांमध्ये एअरबॅग व सीटबेल्टच्या वायर असतात. दारात फवारताना काच पूर्ण वर घ्या, स्पीकरच्या बाजूला नळी वळवू नका. नंतर हीर घेऊन पुन्हा सगळी भोकं उघडी आहेत का ते पाहायचं, कारण मेणही बूच बनतं. पहिले दोन दिवस गाडी थेंब गाळते. अंगणात शहाबादी फरशी असेल तर खाली पुठ्ठा अंथरा.

मेण तीन वर्षांनी, कमानी दरवर्षी दिवाळीनंतर पाहून जिथे थर उडाला तिथेच. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी हा हिशेब वेगळा धरावा: तिथे रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात, म्हणून धुणं-वाळवणं आणि तेल-मेणाचा हात बर्फ पडण्याआधी, शरदात, दरवर्षी.

पत्र्याशिवाय बाकीचं

सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. एक किलो सीएनजीतून सव्वादोन किलोच्या आसपास. गाडी चांगली तापली तर ते वाफ होऊन जातं. बाजारापर्यंत दोन किलोमीटर आणि परत, एवढ्यात सायलेन्सर तापत नाही आणि पाणी आत साठतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवणं हा त्यावरचा उपाय. मागच्या डब्याच्या तळाला बारीक भोक असेल तर ते गळती समजून वेल्ड करू नका.

पावसाळ्यात दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा, नाहीतर मागचे शू ड्रमला चिकटतात. रात्रीच्या पावसानंतर डिस्कवर दिसणारी लाली पाच-सहा ब्रेकांत जाते, तिच्यासाठी काहीही लावायचं नाही.

बॅटरीच्या तबकावर आम्ल सांडून पत्रा खाल्ला जातो. मगभर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून धुवा, फेस थांबेपर्यंत, मग साधं पाणी. टर्मिनलवर पेट्रोलियम जेली. बॉडीला जोडलेले अर्थचे बोल्ट एकदा सोडून, घासून, घट्ट करून वरून जेली लावा. दिवे मंद होणं, सेल्फ ओढणं अशा पावसाळी तक्रारी कितीदा तरी एवढ्याने मिटतात.

बॅटरीला जोडून गंज थांबवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक डबी विकली जाते. जहाजाच्या तळाला अशी व्यवस्था चालते, कारण तो अखंड समुद्राच्या पाण्यात असतो आणि वीज फिरायला वाट मिळते. हवेत उभ्या गाडीला ती वाटच नाही. ते पैसे मेणाला द्या.

पुराचं पाणी आत आलं असेल, जसं २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये असंख्य गाड्यांत आलं, तर इंजिन आणि वायरिंगच्या धांदलीत सिल विसरली जाते. तीत गाळ भरलेला असतो आणि वाळला की विटेसारखा होतो. बुचं काढून, गाळ ओला असतानाच, धार सोडून तो बाहेर काढायचा. कार्पेट आणि नमदा पूर्ण उपटून उन्हात टाकायचा. नमदा गाडीत ठेवून पंखा लावल्याने तो वाळत नाही.

आणि जुनी गाडी घेताना खालून ताजं, ओल्या वासाचं काळं दिसलं तर ते कौतुकाने पाहू नका. कमानीच्या कडेवर आणि सिलच्या खाली चुंबक फिरवा, मुठीने ठोका, भोकं शोधा. भोकं थरानेच बुजलेली असतील तर आत काय असेल याचा अंदाज करून पत्र्याच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करा. मालक ठोकूच देत नसेल तर दुसरी गाडी बघा.